विनोदाचा घसारा

मराठी विनोदाचं माहेर पुणे, असा पुण्यात एक समज आहे. पुण्याचे सगळेच विनोद आम्हा मौदेकरांना कळतात असं नाही, पण हा कळतो. कारण कागदपत्रं आमच्या बाजूची आहेत. मराठी विनोदी लेखनाचे जनक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरात जन्मले आणि त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी १९१९ साली आमच्याच जिल्ह्यात, सावनेरला वारले. मधली सगळी उलाढाल इतरत्र झाली हे कबूल. पण आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक आमच्या खतावणीत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यातून बँकेत कारकून. मला एवढा पुरावा पुरे.

कोल्हटकर व्यवसायानं वकील. वऱ्हाडात, खामगाव-जळगाव जामोदकडे त्यांची वकिली चाले. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात त्यांचा पहिला विनोदी लेख आला. त्याचं नाव ‘साक्षीदार’! कच्चा माल कारखान्याच्या दारात मिळणं म्हणतात ते हेच. पुढे १९१० साली त्यांचे लेख ‘सुदाम्याचे पोहे’ या नावानं पुस्तकात आले आणि सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या हे त्रिकूट मराठी घरांत शिरलं.

गंमत पाहा, त्याच १९०२ साली तिकडे लंडनमध्ये पी. जी. वुडहाउस नावाच्या तरुणानं दोन वर्षं केलेली बँकेची नोकरी सोडली आणि लेखणीवर पोट भरायचं ठरवलं. ही हकिगत मी घरी मोठ्या उत्साहानं सांगितली. सौ. म्हणाली, “वाचलंत ना? झालं तर मग. आता डबा घ्या नि निघा.” तेव्हापासून मी चार्ल्स लँबचा दाखला देतो. त्यानं ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबखात्यात ३३ वर्षं आकडे लिहिले आणि उरलेल्या वेळात इंग्रजीतले खुसखुशीत निबंध. हा दाखला घरात चालतो.

कोल्हटकरांच्या आधी मराठी माणूस हसतच नव्हता असं मात्र नाही. आमच्या भागात, नागपूर-भंडाऱ्याकडे, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री खडी गंमत रंगते. खडी म्हणजे उभी. कलावंत उभ्यानं खेळ करतात, पुरुषच लुगडं नेसून नाचतात, आणि सोंगाड्या सगळ्यांची फिरकी घेतो. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री तोंडाला रंग लावून चारचौघांसमोर उभा राहतो. हातात लिहिलेलं काही नाही. समोरचा गडी हसला नाही, तर पुढच्या वाक्याला गाडी दुसऱ्या वाटेनं न्यायची. त्याचा हिशेब रोखीचा. आम्हा लिहिणाऱ्यांचा सगळा उधारीचा! आज लिहिलेलं वाक्य तीन महिन्यांनी छापून येणार. वाचक हसला की पान उलटून झोपला, हे कळायला मार्ग नाही.

शिवाय लेखकाला चेहऱ्याचा उपयोग शून्य. परवा खिडकीवर एक शेतकरी पासबुक सरकवत म्हणाला, “काहून हो साहेब, तुम्ही हासाचं लिहिता म्हन्ते लोकं. मंग इथं तोंड काहून असं करून बसता?” आता त्याला काय सांगायचं? रोख मोजताना हसणारा कारकून पाहिला तर उद्या हाच ठेव काढून नेईल.

आणि विनोद लिहिताना लेखक हसत असतो हे तरी कुणी सांगितलं? गडकरी सावनेरला भावाकडे आले ते दुखण्यानं खंगलेले. त्या शेवटच्या दिवसांत त्यांनी ‘भावबंधन’ पुरं केलं. त्यातल्या धुंडिराज-कामण्णांनी पुढे थिएटरं हसवून सोडली. कामण्णा करणाऱ्या दिनकर ढेऱ्यांचं आडनावच त्या भूमिकेनं खाल्लं. ते जन्मभर दिनकर कामण्णा म्हणून ओळखले गेले. हे हसू गडकऱ्यांच्या कानांवर पडलंच नाही. लँबनं जितकी वर्षं नोकरी केली, तितकंच गडकऱ्यांचं सगळं आयुष्य. ३३ वर्षं!

एवढ्या मोलानं केलेल्या मालाला घसारा मात्र फार. कोल्हटकरांनी जुन्या रूढींना आणि ढोंगाला चिमटे काढले. त्यातल्या पुष्कळ रूढी गेल्या आणि त्यांच्याबरोबर चिमटेही गेले. आज कॉलेजातल्या पोराला सोवळ्यावरचा विनोद सांगायचा तर आधी सोवळं समजावून द्यावं लागतं, आणि तोवर विनोद ओवळा होतो. लोक म्हणतात, कोल्हटकर शिळे झाले. मला वाटतं, वसुली झाली, खातं बंद झालं.

न बंद झालेली खाती पाहिली की जीव कासावीस होतो. गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या टोपणनावानं ठकीच्या लग्नाची हकिगत लिहिली. तिंबूनानांच्या ठकीला स्थळ शोधायची ती मोहीम आज वाचली तरी हसून पुरेवाट होते. एकाही वाक्याला तळटीप लागत नाही. का लागत नाही, ते मला खिडकीच्या आत बसून दिसतं. लग्नसराई आली की मुदत ठेव मोडायचे अर्ज येतात. कारण : मुलीचे लग्न. एका बापाला मी नियमाप्रमाणे सांगितलं, मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल. तो हसून म्हणाला, “लगन काय मुदत पाहून ठरते का जी?”

विनोद चांगला होता. सोंगाड्यानं तो दहा गावं चालवला असता. मी अर्जावर शिक्का मारला.

लेखक मंडळी आपलं लेखन अजरामर व्हावं म्हणून देवाला नवस बोलतात. माझी मागणी उलटी आहे. ठकीची गोष्ट एक दिवस शिळी व्हावी. माझ्या नातीनं ती वाचून कपाळाला आठ्या घालाव्यात आणि विचारावं, “आजोबा, यात हसण्यासारखं काय आहे?” गडकऱ्यांची हरकत असेल असं वाटत नाही.