पाठीतली सुई

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्यात एखाद्याचा ताप उतरेना, मान आखडली, बरळणं सुरू झालं, की घरचे म्हणतात, ताप डोक्यात गेला. तोवर धीर असतो. डॉक्टरांनी ‘पाठीतलं पाणी काढावं लागेल’ म्हटलं की तो सुटतो. पाठीत सुई गेली की माणूस लुळा पडतो, हे कुणीतरी बोलतंच. खरं तर सुई शिरते त्या जागेच्या बरीच वर मज्जारज्जू संपलेला असतो.

गंमत अशी, की डोक्यात गेलेल्या या तापावरची, म्हणजे जिवाणूजन्य मेंदूज्वरावरची औषधं आधी याच सुईच्या वाटेने आत गेली. १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील इथे क्विंके या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढलं ते डोक्यातला दाब उतरवायला. पुढे न्यूयॉर्कच्या फ्लेक्सनर यांनी घोड्याच्या रक्तापासून केलेलं सीरम त्याच वाटेने आत सोडलं. या रोगात चारांतले तीन जात. १९१३ पर्यंत सीरम मिळालेल्या सुमारे १३०० रुग्णांत तिघांतला एक गेला.

ऑगस्ट १९४२. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात हॅरी लॅम्बर्ट नावाचा रुग्ण मेंदूज्वराने मरणपंथाला लागलेला. फ्लेमिंग यांनी पेनिसिलिन शोधलं होतं १९२८ मध्येच, पण हाताशी साठा नव्हता. तो ऑक्सफर्डचे संशोधक फ्लोरी यांच्याकडून मागवला. स्नायूत टोचलं, तरी पाठीच्या पाण्यात औषध दिसेना. मेंदू आपल्या दारात सहसा कुणाला घेत नाही. मग फ्लेमिंग यांनी पेनिसिलिन थेट पाठीत दिलं. लॅम्बर्ट बरा झाला.

नंतर कळलं, की या रोगात मेंदूची सुजलेली आवरणं जरा गळकी होतात. मोठा डोस दिला तर औषध रक्तातूनही पोहोचतं. मोठ्या डोसाला साठा हवा. आपल्याकडे पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. तरी पेनिसिलिन दर चार तासांनी द्यावं लागे, म्हणजे रात्रभर जागी नर्स हवी. लहान गावाची खरी सोय केली १९८०च्या दशकात आलेल्या सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने: बारा तासांनी दोन ग्रॅम, शिरेतून. त्याचं मूळ कूळ सार्डिनियातल्या सांडपाण्याजवळ सापडलेल्या बुरशीचं!

आता या रोगात पाठीतली सुई सहसा औषध देत नाही, जिवाणू कोणता एवढंच विचारते. आणि औषध तिच्यासाठी थांबतही नाही. पाणी काढू द्यायचं की जळगावला न्यायचं, हे नातेवाईक व्हरांड्यात ठरवत असतात, तेव्हाच पहिला डोस शिरेत जायला हवा.