बाबांचे स्पीकर

परवा आई म्हणाली, "ते स्पीकर एकतर वाजव, नाहीतर भंगारवाल्याला दे." बाबांनी १९८४ साली हप्त्यांवर घेतलेली ती लाकडी जोडी. ते गेल्यापासून माळ्यावरच होती. लावून पाहिली, तर कोणीतरी गोधडीत तोंड खुपसून गातंय असा आवाज!

मागची फळी काढली. वूफरला वायर थेट जोडलेली, आणि जाड स्वर ट्वीटरपर्यंत जाऊ नयेत म्हणून त्याच्या वाटेत एकच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. स्वस्तातला क्रॉसओव्हर असाच असायचा. आणि हे कपॅसिटर वर्षानुवर्षांत आतून सुकतात.

गंमत म्हणजे ही स्वरांची वाटणी आली टेलिफोनमधून. एकाच तारेवरून अनेक संभाषणं पाठवायची तर ती पलीकडे निवडून काढावी लागतात. त्यासाठीच्या फिल्टरचं पेटंट अमेरिकन टेलिफोन कंपनीतल्या जॉर्ज कॅम्पबेलला १९१७ मध्ये मिळालं. (बाबा तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते. त्यांना हे सांगायला हवं होतं.) पुढे १९३० मध्ये इंग्लंडच्या स्टीफन बटरवर्थने फिल्टरचं नवं गणित मांडलं, तेही स्पीकरवाल्यांनी उचललं. पण दोन कॉइल, दोन कपॅसिटरच्या साध्या मांडणीत त्याने जोडाच्या जागी आवाज ३ डेसिबलने फुगतो. ते दुखणं घालवलं झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी, १९७६ च्या सुमारास. दोघे ह्यूलेट-पॅकार्डमधले इंजिनियर, स्पीकर हा घरी करायचा उद्योग! मला हे फार आवडतं.

त्यांची युक्ती अशी की जोडाच्या जागी दोन्ही बाजूंना बरोब्बर निम्मं व्होल्टेज जातं. ८ ओहम आणि ३००० हर्ट्झ धरले तर ३.३ मायक्रोफॅरड आणि ०.८५ मिलिहेन्री. फिल्म कपॅसिटर पासोड्या विठोबाजवळ मिळाले. तयार कॉइल परवडेनात, म्हणून मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार वजनावर आणली आणि मीटर लावून एकेक वेढा कमी करत चार कॉइल गुंडाळल्या. स्पीकर काही सगळ्या स्वरांना ८ ओहम राहत नाही, म्हणून वूफरला एक रेझिस्टर आणि कपॅसिटर वेगळा लावावा लागला. त्या जोडीला ज्याचं नाव आहे तो ओटो झोबेलही टेलिफोनवालाच!

पहिल्या संध्याकाळी फजिती. गाण्याला मधोमध भोक पडलेलं. या मांडणीत ट्वीटरच्या वायरी उलट जोडायच्या असतात, ते मी विसरलो होतो. उलटवल्या आणि कुमारांची रेकॉर्ड पुन्हा लावली. मागचा तंबोरा इतका स्पष्ट मी त्या खोक्यांतून कधी ऐकला नव्हता.

आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. बाजू संपेपर्यंत.

"यांच्या वेळी असं वाजत नव्हतं," म्हणाली.

कौतुक की तक्रार, ते काही मी विचारलं नाही. जुने दोन्ही कपॅसिटर मात्र डबीत ठेवलेत.