मूत्राचे दैनिक प्रमाण

निरोगी व्यक्तीच्या शरीरातून २४ तासांत उत्सर्जित होणाऱ्या मूत्राचे आकारमान. दिवसाला सु. २ लि. द्रव घेणाऱ्या प्रौढात ते ८०० ते २,००० मिलि. असते. अशा प्रमाणाला ठराविक आकडा असू शकतो काय, हा प्रश्न मात्र फार जुना आहे.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात देहातील द्रव्यांची मापे अंजलीत दिली आहेत : उदक दहा, रक्त आठ, मूत्र चार. (हे देहस्थ प्रमाण होय, दैनिक उत्सर्जनाशी त्याची गल्लत करू नये.) ओंजळ ज्याची त्याने स्वतःची घ्यावयाची असल्याने माप देहाच्या आकाराशी निगडित राहते. हे प्रमाण वाढणारे व घटणारे असून ते तर्कानेच जाणावे, असेही तेथे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेची भूमिका वेगळी आहे. शरीरे परस्परांहून भिन्न व अस्थिर असल्यामुळे दोष, धातू व मल यांना परिमाणच नाही, असे ती मानते. तथापि प्रमेहाचे लक्षण म्हणून मूत्राचे आधिक्य तीही सांगते. वाग्भटाने अष्टांगहृदयात अंजलीची मापे स्वीकारली. याच ग्रंथावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली.

प्रत्यक्ष वजन करून हिशेब मांडण्याचे श्रेय इटालियन वैद्य सांतोरिओ यांना जाते. तराजूला टांगलेल्या आसनावर बसून त्यांनी अनेक वर्षे स्वतःचे, अन्नपाण्याचे व मलमूत्राचे वजन केले. घेतलेल्यापैकी निम्म्याहून अधिक भाग न दिसता बाष्परूपाने जातो, हा त्यांचा निष्कर्ष १६१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्र ही या हिशेबातील केवळ शिल्लक आहे, हे त्यातून सूचित झाले.

देवगिरीच्याच परिसरातील हसनाबाद (ता. भोकरदन, जि. जालना) येथे वैशाखात शेतात राबणाऱ्या मजुराचा विचार केल्यास ही शिल्लक स्पष्ट होते. कडक उन्हात कष्ट करताना तासाला सु. १ लि. घाम जाऊ शकतो. त्यामुळे पाणी भरपूर पिऊनही त्याचे मूत्र थोडे व गडद असते. तोच मनुष्य थंडीत, कमी पाणी पिऊनही, अधिक मूत्र विसर्जित करतो. दोन्ही वेळी वृक्क (मूत्रपिंड) निरोगीच असतात.

या नियमनाची यंत्रणा उलगडण्यास पुढे तीन शतके लागली. बोमन यांनी वृक्काची सूक्ष्मरचना १८४२ मध्ये वर्णिली व त्याच सुमारास लूटव्हिख यांनी गाळणाची कल्पना मांडली. दिवसाला सु. १८० लि. द्रव गाळला जाऊन त्यातील ९९ टक्के परत शोषला जातो. पोष ग्रंथीच्या पश्च खंडाचा अर्क मूत्र कमी करतो, हे १९१३ मध्ये दिसून आले. रक्ताची संहती वाढली की मेंदूला त्याची जाणीव होऊन हे हॉर्मोन स्रवते, हे व्हर्नी यांनी १९४७ मध्ये दाखविले. मात्र वृक्काच्या काटकसरीलाही मर्यादा आहे. रोजची त्याज्य द्रव्ये बाहेर टाकण्यास किमान सु. ५०० मिलि. मूत्र लागते. ४०० मिलि.पेक्षा कमी मूत्र हे म्हणूनच धोक्याचे चिन्ह मानतात; उन्हाळ्यात मजुराच्या बाबतीत ते ‘ऊन आहे, व्हायचेच’ म्हणून दुर्लक्षिले जाते. मूत्र ३ लि.पेक्षा अधिक असल्यास मधुमेह, उदकमेह किंवा अतिजलपान यांचा शोध घेतात.

रुग्णालयात आज दिवसाच्या आकड्यापेक्षा तासाचा आकडा पाहतात, तोही शरीराच्या वजनाशी ताडून. प्रत्येक किग्रॅ. वजनामागे तासाला ०·५ मिलि.पेक्षा कमी मूत्र सलग सहा तास राहिल्यास ती वृक्कास झालेली तीव्र इजा समजावी, असा निकष २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत नमूद झाला. स्वतःच्या ओंजळीच्या मापाशी त्याचे नाते सहज लक्षात येते.