विक्रमाचा आलेख आणि तिसरा क्रमांक

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची बांबूउडी, म्हणजेच पोल व्हॉल्ट, १८९६ सालच्या पहिल्या अथेन्स स्पर्धेपासून आहे. स्त्रियांची बांबूउडी तेथे आली २००० साली, सिडनीला. मधल्या १०४ वर्षांचे कारण शरीरशास्त्रात शोधायचे की इतिहासात?

स्त्रियांना ऑलिंपिकच्या धावण्या-उड्यांमध्ये प्रवेशच मुळी १९२८ साली ॲम्स्टरडॅमला मिळाला, तोही पाच प्रकारांपुरता. त्यातील ८०० मीटरची शर्यत स्त्रियांना झेपत नाही असे ठरवून लगेच बंद झाली; ती परत आली १९६० साली. बांबूउडी म्हणजे हात-खांद्यांच्या ताकदीचा खेळ, तेव्हा तो स्त्रियांचा नव्हेच, असे धरून चालले जाई.

ही समजूत नववीच्या विज्ञानाने तपासता येते. धावण्याची गतिज ऊर्जा दांडा वाकवते, आणि दांडा सरळ होताना ती उडी मारणारीला वर नेते, म्हणजेच स्थितिज ऊर्जेत बदलते. दोन्ही ऊर्जा समान धरल्या की वस्तुमान कटते. उरते ते इतकेच: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. वेग सेकंदाला ८.४ मीटर घेतला, तर ७०.५६ भागिले १९.६, म्हणजे ३.६ मीटर. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे १ मीटरवर असतोच. बेरीज ४.६ मीटर. काही ऊर्जा वाया जाते, काही भर खांद्या-पोटाचे स्नायू घालतात, हे खरे. पण मुख्य भांडवल वेगाचे. आणि १०० मीटर धावायला तर स्त्रियांना १९२८ पासूनच मुभा होती! सिडनीत अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलाने सुवर्णपदक जिंकले ते ४.६० मीटरवर.

आता विक्रमांकडे वळू. आलेखाचा कागद फुलसावंगीपासून मुंबईपर्यंत कोणत्याही शाळेत मिळतो, तेव्हा शिक्षकांनी हे आकडे वर्गात मांडून पाहावेत. जागतिक विक्रमांच्या यादीतील पहिली नोंद चीनच्या सुन काइयुनची: १९९२, ४.०५ मीटर. १९९५ च्या एकाच उन्हाळ्यात झेक प्रजासत्ताकाची डॅनिएला बार्टोव्हा टप्प्याटप्प्याने ४.२२ पर्यंत पोचली. त्याच वर्षअखेरीस ऑस्ट्रेलियाच्या एमा जॉर्जने ४.२५ केले आणि १९९९ पर्यंत ४.६० गाठले. बार्टोव्हा मूळची जिम्नॅस्ट. एमा लहानपणी मुलांच्या सर्कशीत कसरती करीत असे. उलटे लटकलेले शरीर हवेत आवरायचे कसे, हे दोघींना आधीच येत होते. रशियाची येलेना इसिनबायेवाही जिम्नॅस्टच. उंची फार वाढली म्हणून पंधराव्या वर्षी तिला तो खेळ सोडावा लागला. तिने २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ४.९१, २००५ साली लंडनला ५.००, २००८ ला बीजिंगमध्ये ५.०५ आणि २००९ साली झुरिकला ५.०६ मीटर अशा उड्या मारल्या. मैदानी व बंदिस्त स्पर्धा मिळून तिचे विक्रम २८ होतात.

मे १९९२ ते ऑगस्ट २००९ या काळात स्त्रियांचा मैदानी विक्रम १०१ सेंटिमीटरने वाढला. त्याच काळात पुरुषांचा वाढला ६.१० वरून ६.१४, म्हणजे ४ सेंटिमीटर. दांडे त्याच जातीचे, गाद्याही त्याच. स्त्रियांचे स्नायू सतरा वर्षांत बदलत नाहीत. बदलली ती सरावाला आणि स्पर्धेला मिळालेली मोकळीक. त्यापूर्वीच्या नोंदी स्त्रीच्या ताकदीचे मोजमाप म्हणून वाचणे आम्हांला तरी अशास्त्रीय वाटते.

२००९ नंतर मात्र रेघ आडवी होते. २०२५ अखेरपर्यंत मैदानी ५.०६ कोणीच ओलांडले नाही. अमेरिकेच्या जेन सूरची २०१६ ची ५.०३ ही बंदिस्त जागेतली उडी होती. मग मर्यादा आली का? घाई नको. पुरुषांत सर्गेई बुब्काचा १९९४ चा मैदानी ६.१४ मीटरचा विक्रम २०२० पर्यंत टिकला होता, आणि २०२५ साली टोकियोत आर्मंड डुप्लांटिस ६.३० मीटरवरून गेला. विक्रम ही एका व्यक्तीची उंची असते.

खेळाची उंची पाहायची तर आम्ही तिसरा क्रमांक पाहू. ऑलिंपिकमधील स्त्रियांचे कांस्यपदक सिडनीत ४.५० मीटरला मिळाले. पुढे ४.७०, ४.७५, लंडनला २०१२ साली पुन्हा ४.७० (ते खुद्द इसिनबायेवाचे), रिओला ४.८०, टोकियोला आणि २०२४ च्या पॅरिसला ४.८५. सुवर्णपदकांचे आकडे याच सात स्पर्धांत ४.६०, ४.९१, ५.०५, ४.७५, ४.८५, ४.९०, ४.९० असे खालीवर होतात. दोन्ही रेघा एकाच कागदावर काढाव्यात. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकातले अंतर बीजिंगमध्ये ३० सेंटिमीटर होते. पॅरिसला ते ५ उरले. विक्रम जागच्या जागी उभा असताना त्याच्या खालची गर्दी वर चढत होती.

भारतात व्ही. एस. सुरेखा हिने २०१४ साली ४.१५ चा राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ च्या गांधीनगर येथील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत रोझी मीना पॉलराज ४.२० वर गेली. दोघीही तमिळनाडूच्या, आणि रोझीही पूर्वीची जिम्नॅस्ट. १९९८ साली क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एमा जॉर्जला सुवर्णपदक मिळाले होते ते ४.२० वरच. उलटे होण्याची सवय आपल्याकडे मल्लखांबावर चढणाऱ्या मुलींनाही असते, पण तेवढ्याने भागत नाही. लांब उडीला वाळूचा खड्डा पुरतो, तो गावातले मैदानही देऊ शकते. बांबूउडीत तीन-चार मीटरवरून पाठीवर पडायचे असते. त्यासाठी जाड फोमची गादी हवी, आणि मुलीचे वजन व वेग वाढेल तसा दर वेळी अधिक ताठ, नवा दांडा.