गोणपाटापासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पण शाळेने त्या मुलाला कसे वागवले, हेही आपण विसरता कामा नये. बसायला कोपरा, घरून नेलेले गोणपाट, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शाळेला त्याची जात ठाऊक होती आणि ती रोज सगळ्या वर्गाला दाखवली जात होती.

आज गोणपाट गेले. पण समजा, भिवंडीतल्या एका यंत्रमाग कामगाराने मुलीचे दिव्यांग प्रमाणपत्र सवलतीसाठी शाळेत दिले आणि शाळेने त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवसापासून वर्ग तिला नावाऐवजी व्यंगावरून हाक मारू लागतो. कोपरा पुन्हा तयार झाला.

"लपवायचे कशाला? बाबासाहेबांनी जात लपवली का?" असे आपल्यातलेच काही विचारतील. मुद्दा लपवण्याचा नाही, सांगण्याचा अधिकार कोणाचा हा आहे. बाबासाहेबांनी आपली ओळख स्वतः जगासमोर मांडली, तो स्वाभिमान. शाळेने ती त्यांच्यावर डागली, तो अपमान. प्रमाणपत्र हक्क मिळवण्यासाठी असते, हिणवण्यासाठी नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. त्याचे कलम २२ दिव्यांगांच्या आरोग्याची माहिती खासगी ठेवायला सांगते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा जाणूनबुजून चारचौघांत अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड आहे.

म्हणून आरडाओरड करण्याआधी कागद करा. मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, पण पुढे पाठवू नका. नाहीतर तीच चूक आपण करू. मुख्याध्यापकांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या. मेसेज काढा, यापुढे ही माहिती कोण पाहणार ते लेखी द्या, अशी मागणी करा. महापालिकेची शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय घ्या; तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. दाद लागली नाही तर महापालिकेचा शिक्षण विभाग, त्यानंतर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. आणि प्रत्येक पायरीवर आधी त्या मुलीला विचारा. तिच्या नावाने आंदोलन करून तिलाच पुन्हा फलकावर चढवणे ही आपली चळवळ नव्हे.

जय भीम! जय संविधान!