गायरान आणि खरेदीखत : महाराष्ट्रातील चराऊ जमिनीच्या मालकीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

चराईसाठी जमिनीचा लहानसा तुकडा विकत घेणे हा वरवर पाहता साधा खासगी व्यवहार वाटतो. तथापि ग्रामीण महाराष्ट्रात त्याला दोन मर्यादा आहेत. गावाचे गायरान विक्रीस नसते आणि खासगी चराऊ जमीन वाटेल त्याला विकत घेता येत नाही. या मर्यादांची ऐतिहासिक कारणे व त्यांचे सामाजिक परिणाम तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूमापन आणि गायरान

गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात रयतवारी भूमापनाची नवी पद्धत सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित स्वरूप दिले. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, आकार ठरला आणि तो भरणाऱ्या खातेदाराचा कब्जा वंशपरंपरागत व हस्तांतरणीय मानला गेला. जमीन बाजारात येण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

गायरान मात्र या बाजाराबाहेर राहिले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या कलम ३८ ने मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. त्याच वेळी कलम ३७ ने व्यक्तींच्या मालकीची नसलेली जमीन सरकारची ठरवली. परिणामी गायरानावर गावाचा वापरहक्क उरला. मालकी सरकारकडे गेली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हीच रचना कलम २० व २२ द्वारे पुढे चालवली.

खासगी चराऊ जमीन

१९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने गवत वाढवणे आणि शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर गुरे चारणे यांचा समावेश शेतीतच केला. त्यामुळे कलम ६३ चे निर्बंध कुरणालाही लागू झाले. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय अशी जमीन घेता येईना. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या हस्तांतरणावर बंधन घातले. ते पुढे शिथिल होत गेले. कलम ६३ ने शेतमजुराला खरेदीची मुभा ठेवली होती; परंतु किंमत मोजण्याची ऐपत त्याच्यापाशी नव्हती.

भूमिहीन आणि गायरान

ज्यांना खरेदीखत करणे शक्य नव्हते, त्यांच्यापैकी अनेकांनी, विशेषतः मराठवाड्यातील दलित भूमिहीनांनी, गायरानावर नांगर धरला. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९६४ च्या भूमी सत्याग्रहाने भूमिहीनांना जमीन देण्याची मागणी देशपातळीवर नेली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. तथापि सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना दिलेले पट्टे, तसेच शाळा व दवाखान्यांसारख्या सार्वजनिक सोयी, अपवाद म्हणून मान्य केल्या.

समारोप

विक्रीबाहेर राहिल्याने गायरान खरेदीदारापासून वाचले. मात्र मालकी सरकारकडे असल्याने त्याच्या वाटपात गावाचा शब्द अखेरचा उरला नाही. आज त्यावर शेळ्या-गुरे चारणारा आणि त्याच जमिनीवर ज्वारी पेरणारा हे दोघेही बहुधा गरीबच असतात. दोघांचाही आधार वहिवाटीचा आहे आणि खरेदीखत दोघांपाशीही नाही. म्हणूनच गायरानाचा प्रश्न केवळ अतिक्रमणाचा न मानता मालकीच्या या इतिहासाच्या संदर्भात तपासणे आवश्यक ठरते.