दुधाचे दर पडले की गोठ्यात काय घडतं?

दुधाचा दर लिटरमागे सात-आठ रुपयांनी घसरला की चर्चा शेतकऱ्याच्या तोट्याची होते. पण त्या तोट्याचा पहिला फटका गोठ्यातल्या जनावराला बसतो. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात हे जास्त ठळकपणे दिसतं.

दर का कोसळतो?

गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही प्रत धरून ठरतो. एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन पदार्थ. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने या प्रतीसाठी किमान ३४ रुपये दर जाहीर केला. काही महिन्यांतच तो २७ रुपयांच्या आसपास आला.

राज्यातलं बहुतांश दूध खासगी डेअऱ्यांकडे जातं. दूध भुकटी आणि लोण्याचे भाव पडले की त्या खरेदी दर उतरवतात. उसाला एफआरपीचं कायदेशीर संरक्षण आहे, दुधाला तसं नाही.

लिटरमागे ७ रुपये कमी म्हणजे रोज १० लिटर देणाऱ्या एका गाईमागे महिन्याला २,१०० रुपयांचा फटका. पाच गाई असतील तर १०,५०० रुपयांचा.

काटकसर कशात होते?

ढोबळ हिशेबानुसार गाईला स्वतःच्या शरीरासाठी दीड-दोन किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे साधारण एक किलो पशुखाद्य लागतं. हातात पैसा नसला की आधी पेंड कमी होते, मग खनिज मिश्रण बंद होतं आणि डॉक्टरला बोलावणं लांबतं. कासदाहासारखा आजार वेळेत उपचार न झाल्यास बळावतो आणि सड कायमचा निकामी होऊ शकतो.

इथेच दुष्टचक्र सुरू होतं. खुराक तुटला की दूध कमी होतं, प्रतही घसरते. प्रत घसरली की प्रत्येक पॉइंटमागे डेअरी पैसे कापते. म्हणजे आधीच पडलेला दर आणखी खाली जातो. अशक्त गाय वेळेवर माजावर येत नाही, त्यामुळे तिचा भाकड काळ लांबतो.

भाकड गाय आणि गोऱ्ह्याचं काय?

महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली. मार्च २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यानंतर भाकड गाई आणि गोऱ्ह्यांना गिऱ्हाईक मिळणं अवघड झालं. शेतात ट्रॅक्टर आले. त्यात संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसतं आणि ऊनही सोसत नाही, त्यामुळे तो औताला फारसा चालत नाही.

दर चांगला असेल तर असं जनावर पोसता येतं. दर पडला की दूध न देणाऱ्या जनावराच्या दावणीतला चारा आधी आटतो. काही जनावरं मोकाट सोडली जातात आणि रस्त्यावर येतात. कायद्याने कत्तल थांबली, पण उपासमार थांबवण्याची सोय त्यात नाही.

बीडमध्ये हे जास्त का जाणवतं?

शेती पावसावर, पाऊस बेभरवशाचा. म्हणून आष्टीसारख्या तालुक्यात दूध हाच रोजचा पैसा. २०१८-१९ च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक चारा छावण्या बीड जिल्ह्यात होत्या. शिवाय हजारो कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात, तेव्हा गावात राहिलेली जनावरं बहुधा म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर असतात.

याच जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे शब्बीर सय्यद यांना गाई-गुरं सांभाळण्याच्या कामासाठी २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. पण एका कुटुंबाची माया अख्ख्या जिल्ह्याच्या भाकड जनावरांना पुरणारी नाही.

उपाय काय?

जुलै २०२४ पासून डेअरीचे ३० आणि सरकारी अनुदानाचे ५, तर ऑक्टोबरपासून २८ अधिक ७ रुपये, असा ३५ रुपयांचा मेळ घालण्यात आला. मात्र अनुदानासाठी जनावराच्या कानात टॅग आणि त्याची ऑनलाइन नोंद लागत होती. ती नसेल तर पैसे अडकत होते.

कालवडीच जन्माव्यात यासाठी लिंगनिर्धारित रेतमात्रा उपलब्ध आहेत. मुरघास करून ठेवला तर टंचाईतला चाऱ्याचा खर्च कमी होतो. पण हे दोन्ही करायला आधी हातात पैसा लागतो. म्हणूनच दुधालाही एफआरपी द्या, ही शेतकरी संघटनांची जुनी मागणी आहे. तिचा संबंध शेतकऱ्याच्या खिशाइतकाच जनावराच्या दावणीशीही आहे.